बाकाची खाच बुजवू नका: जुन्या चर्चमधले सागवानी बाक आणि त्यांच्या दुरुस्तीमागचं रसायन

छावणी भागातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये कधी गेलात, तर वेदी आणि रंगीत काचा बघून झाल्यावर बाकांकडेही जरा नीट बघा. काही चर्चमध्ये बाकांच्या पाठीला किंवा पुस्तकं ठेवायच्या फळीच्या कडेला, ठरावीक अंतरावर, अर्धगोल खाचा दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, लाकूड कुरतडलंय किंवा तुटलंय. पण त्या मुद्दाम केलेल्या आहेत. तिथे बंदुकीची नळी टेकवून ठेवायची.

रविवार, १० मे १८५७. मेरठच्या छावणीत ब्रिटिश सैनिक संध्याकाळच्या प्रार्थनेला जायच्या तयारीत असतानाच उठाव सुरू झाला. त्यानंतर ब्रिटिश सैनिक चर्चमध्येही शस्त्रं सोबत घेऊन बसू लागले आणि हातातली बंदूक ठेवायची कुठे, हा प्रश्न सुतारानं पटाशीनं सोडवला. म्हणजे ती खाच हा एक कागदपत्रच आहे, फक्त लाकडात लिहिलेला. राज्यकर्त्यांना वाटणारी भीती इतकी स्पष्ट क्वचितच कुठे नोंदलेली सापडते.

आणि हा कागदपत्र एका दुपारी नाहीसा होऊ शकतो. पॉलिशचं काम घेणारा मिस्त्री येतो, खाच बघतो, ‘तुटलेलं आहे’ म्हणून लांबी भरतो, वरून मशीन फिरवतो. बाक एकदम नवा दिसतो. सगळे खूश!

माझं पीएचडीचं काम जुन्या लाकडावरच्या लेपांच्या रसायनशास्त्रावर आहे. ‘म्हणजे तू पॉलिशवर पीएचडी करतेयस?’ असं घरचे विचारतात, आणि खरं सांगायचं तर हो, तेच. तर आज बघू, जुना बाक दुरुस्त करताना शास्त्र नेमकं काय सांगतं आणि ‘घासून नवीन करून टाका’ याला आमच्या क्षेत्रातले लोक एवढे का घाबरतात.

आधी लाकूड समजून घेऊ

आपल्याकडच्या जुन्या चर्चमधले चांगले बाक बहुतेक सागवानी असतात. सागाच्या गाभ्याच्या लाकडात टेक्टोक्विनोन नावाचं आणि त्याच्या जातकुळीतली इतर काही रसायनं असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. म्हणून साग टिकतो. पण हे संरक्षण गाभ्याच्या गडद लाकडालाच असतं. सालीलगतचं फिकट, पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी किडीला आवडतं. जुन्या बाकाची एकच कड पोखरलेली आणि बाकीची फळी ठणठणीत असेल, तर बऱ्याचदा कारण हेच. सुतारानं फळी कापताना पांढऱ्या लाकडाची एक पट्टी तिच्यात राहून गेलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड हलतं. झाड तोडून दीडशे वर्षं झाली तरी हलतं. हवेत दमटपणा वाढला की लाकूड पाणी शोषतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आक्रसतं. हे किती, याचा हिशोब करून बघू.

ओल्या सागाची फळी पूर्ण सुकवली तर ती रुंदीत साधारण ५.८ टक्के आक्रसते (वाढीची वर्तुळं फळीच्या रुंदीला समांतर असतील तर). हे आक्रसणं लाकडातलं पाणी ३० टक्क्यांवरून शून्यावर येताना होतं. म्हणजे पाणी एक टक्का बदललं की रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते. मुंबईसारख्या ठिकाणी कोरड्या दिवसांत लाकडातलं पाणी १० टक्क्यांच्या आसपास आणि भर पावसाळ्यात १६ च्या आसपास धरलं, तर फरक झाला ६ टक्के. मग ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण फूटभर रुंद फळी दर वर्षी सुमारे साडेतीन मिलिमीटर पुढेमागे होते.

साडेतीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही फळी दोन्ही कडांना खिळे ठोकून जखडली असेल तर? तिला आक्रसायचंय, खिळे सोडत नाहीत. मग ती मधोमध तडकते.

जुन्या सुतारांना हे आकडे माहीत नव्हते, पण लाकडाचा स्वभाव माहीत होता. म्हणून ते पाठीची फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवून बसवायचे, सरस न लावता. तिला खोबणीत हलायला जागा राहायची. आज जे उभे तडे दिसतात, त्यांतले बरेच मूळ कामामुळे आलेले नसतात, मधल्या काळात कुणीतरी ‘फळी हलतेय’ म्हणून खिळे मारले त्यामुळे आलेले असतात. तेव्हा तडा दिसला की तो भरायच्या आधी विचारायचं: फळीला हलायला जागा आहे का? नसेल तर तुम्ही आज भरलेला तडा पुढच्या उन्हाळ्यात शेजारी पुन्हा उघडणार. आणि त्यात कडक लांबी भरली असेल, तर पावसाळ्यात फळी फुगताना ती लांबीच पाचरीसारखं काम करते.

लाकडावर नक्की काय लावलंय?

आता माझ्या आवडीचा भाग. एकोणिसाव्या शतकातल्या बाकांवर सर्वात जास्त सापडणारा लेप म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारा एक छोटा किडा जो राळेसारखा पदार्थ सोडतो, तो गोळा करून, वितळवून, पातळ पापड्या करतात. हाच बाजारात मिळणारा चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवला आणि चिंधीच्या बोळ्यानं थरावर थर दिला की झालं फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण माल आपला.

लाखेचा थर फार पातळ असतो, साधारण केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही कमी. पण त्याचा एक मोठा गुण आहे: तो अल्कोहोलमध्ये पुन्हा विरघळतो. म्हणजे पन्नास वर्षांनी ओरखडा पडला तर जुना थर खरवडायची गरज नसते. नवा थर जुन्यात थोडासा मिसळून एकजीव होतो. (फार जुनी लाख हळूहळू स्वतःशीच जोडली जाते आणि तेवढी सहज विरघळत नाही, पण बहुतेक वेळा काम होतं.)

हाच गुण कधी कधी दोषही ठरतो. २०२० मध्ये सगळीकडे सॅनिटायझरची फवारणी सुरू झाली, तेव्हा जुन्या लाकडी वस्तूंवर पांढरे, चिकट डाग पडायला लागले. हातावरच्या सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. लाखेचं पॉलिश असलेल्या बाकावर ते फवारणं म्हणजे पॉलिशवर त्याचाच सॉल्व्हंट ओतणं.

आता समोरच्या बाकावर लाख आहे की दुसरं काही, हे कसं ओळखायचं? तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी कुणालाही करता येते. बाकाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक थेंब लावायचा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर बहुधा लाख. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं, तर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असू शकतं. दोन्हींनी ढिम्म हललं नाही, तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन, म्हणजे अलीकडचं काम.

दुसरी पायरी म्हणजे अंधार करून यूव्ही टॉर्चनं बघायचं. लाख नारिंगी चमकते, काही इतर नैसर्गिक राळा हिरवट-पिवळ्या आणि मेण निळसर-पांढरं दिसतं. मधल्या काळात कुठे कुठे दुरुस्ती झाली, त्याचे चट्टे या उजेडात लगेच उघडे पडतात. पहिल्यांदा बघताना मजा येते.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतली. टाचणीच्या टोकाएवढा पापुद्रा काढायचा, पारदर्शक रेझिनमध्ये बसवायचा, घासून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तिथे थर दिसतात: तळाला लाकूड, मग पहिलं पॉलिश, त्यावर काळपट रेघ, मग दुसरं पॉलिश, पुन्हा रेघ. त्या काळ्या रेघा म्हणजे मळ आणि काजळी. दोन थरांमध्ये मळाची रेघ असेल तर त्यांच्यात बरीच वर्षं गेलीत. रेघ नसेल तर ते थर एकाच कामातले. प्रत्येक थर कशाचा आहे हे इन्फ्रारेड प्रकाशानं कळतं. रेणूंमधले बंध स्प्रिंगसारखे थरथरतात आणि प्रत्येक प्रकारचा बंध ठरावीक इन्फ्रारेड प्रकाश शोषतो. कुठला प्रकाश गायब झाला ते बघायचं, की पदार्थाची ओळख पटते.

म्हणजे एका केसाएवढ्या जाडीत त्या बाकाचा अख्खा दुरुस्तीचा इतिहास असतो. आता यावर घासायचं मशीन फिरवलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

‘घासू नका’ म्हणण्याची कारणं

लोकांना वाटतं आम्ही संशोधक उगाच भावूक होतो. तसं नाही, कारणं ठोस आहेत.

एक, घासणं उलटवता येत नाही. खाचेच्या कडा हातांनी आणि धातूनं गुळगुळीत झालेल्या असतात, फळीच्या मागच्या बाजूला करवतीच्या खुणा असतात. सरळ समांतर रेघा म्हणजे हातकरवत, कमानीसारख्या वळलेल्या रेघा म्हणजे गोल पात्याची यंत्रकरवत. बाक कसा आणि साधारण कधी बनला याचे हे पुरावे आहेत. तीच गोष्ट स्क्रूंची: टोक बोथट असेल तर स्क्रू बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचा, टोकदार असेल तर नंतरचा. मिस्त्री जुने स्क्रू काढून भंगारात टाकतो, तेव्हा तारीख भंगारात जाते.

दोन, घासून झाल्यावर वर जे लावतात तेही उलटवता येत नाही. पॉलियुरेथेनचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे जोडले जातात. ते जाळं कुठल्याही साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. पंधरा-वीस वर्षांनी ते पापुद्रे सोडायला लागलं की काढायचा मार्ग एकच, पुन्हा घासणं. म्हणजे तुम्ही एकदा नाही, कायमचं घासायचं ठरवलेलं असतं. फळीची जाडी मात्र मर्यादितच असते.

तीन, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं: घासणाऱ्या माणसाची फुप्फुसं. लाकडाची बारीक धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. सागाच्या धुळीनं त्वचेची अ‍ॅलर्जीही होते. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधून चालतं.

पण बाकावर माणसं बसतात, त्यांचं काय?

मध्यंतरी एका चर्चच्या कमिटीसमोर मला हे सगळं समजावून सांगायला बोलावलं होतं. त्यांच्याकडे दोन अंदाजपत्रकं होती. एक सगळे बाक घासून पॉलियुरेथेन करायचं, दुसरं साफ करून, सांधे दुरुस्त करून, वरून पातळ लाख द्यायचं. दुसऱ्याला वेळ बराच जास्त लागणार होता. माझं बोलून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, “तू म्हणतेस ते खरं असेल गं, पण मे महिन्यात उपासना संपवून उठलं की साडी बाकाला चिकटलेली असते. इतिहास सांभाळायचा तर आम्ही उभं राहायचं का?”

प्रश्न अगदी रास्त होता. चर्च हे संग्रहालय नाही, बाक ही वापरायची वस्तू आहे. मंडळीला नीट बसता येत नसेल, तर एक दिवस ते बाक भंगारात जातील आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतील. तो तर सगळ्यात मोठा तोटा.

पण चिकटपणा लाखेमुळेच येतो, हे खरं नाही. चांगली वाळलेली पातळ लाख चिकटत नाही. चिकटतात ते वर्षानुवर्षं साठलेले थर: घाम, केसांचं तेल, मेणपॉलिश आणि बऱ्याचदा जवसाचं तेल. ‘लाकडाला तेल पाजावं’ ही आपल्याकडची लाडकी समजूत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, काळवंडतं, धूळ धरून ठेवतं आणि एकदा घट्ट झालं की सहज निघत नाही. खोबरेल तर वाळतच नाही, नुसतं खवट होतं. बाकाच्या पाठीची वरची कड, जिथे मागचा माणूस हात टेकतो आणि पुढच्याचं डोकं लागतं, तिथे हा काळा राप सर्वात जाड असतो.

तो काढायला घासावं लागत नाही. ट्रायअमोनियम सायट्रेट नावाच्या क्षाराचं दोन-तीन टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण कापसाच्या बोळ्यानं लावलं की बराचसा मळ सुटतो. सायट्रेट मळातल्या धातूंच्या आयनांना धरून बाहेर काढतं. आधी छोट्या जागेवर करून बघायचं, आणि नंतर साध्या पाण्यात जेमतेम ओल्या केलेल्या बोळ्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. आणि हो, नाजूक ठिकाणी आमचे लोक चक्क थुंकी वापरतात! तिच्यातली विकरं मळ फोडतात. याच विषयावरच्या पोर्तुगीज संशोधनाला २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं, हसवणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

कमिटीत शेवटी ठरलं की आधी एकच बाक करून बघायचा, तोही पुढच्या रांगेतला आणि ऐन उन्हाळ्यात बसून. मला हा निर्णय फार आवडला. कुठल्याही मोठ्या कामाआधी एक नमुना करणं, ही आमच्या प्रयोगशाळेतलीही पद्धत आहे.

तुटलं, कुजलं, पोखरलं असेल तर

बाकाचे पाय बहुतेक वेळा खालून कुजतात आणि त्याचं कारण छपरातली गळती नसून फरशी पुसणं असतं. पायाचं तळाचं टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. ती पाणी स्ट्रॉसारखी ओढतात. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशीला वाव मिळतो. त्यात साबण किंवा सोड्याचं पाणी असेल तर आणखी वाईट, कारण लाख अल्कलीतही विरघळते. उपाय स्वस्त आहे: पायांजवळ ओला पोछा नाही, घट्ट पिळलेलं फडकं.

कीड लागली असेल तर आधी ती जिवंत आहे का बघा. पिठासारखा भुगा आणि एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं असतील तर भुंग्याची अळी. वाळूसारखे, बारीक, सहा कडांचे दाणे पडत असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. दोन्हींवरचे उपाय वेगळे. बाकाखाली काळा कागद पसरून महिनाभर थांबा. नवा भुगा पडला नाही तर कीड बहुधा कधीच निघून गेली आहे आणि विषारी फवारणीची गरजच नाही.

पोखरून भुसभुशीत झालेल्या भागात पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मुरवतात. लाकडाला बळ येतं आणि वेळ पडली तर ते पुन्हा विरघळवता येतं. सुटलेल्या सांध्यांसाठी, म्हणजे भोकात कुसू बसवलेला असतो तिथे, आजही सरसाइतकं योग्य काही नाही. सरस गरम पाण्यानं आणि वाफेनं सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनंतरचा सुतार सांधा न तोडता उघडू शकतो. पांढरा फेविकोल किंवा इपॉक्सी मजबूत आहेत, यात वाद नाही. अडचण हीच की पुढच्या वेळी सांधा सुटायच्या ऐवजी लाकूडच फाटतं.

आणि एखादा तुकडा पूर्ण गेला असेल तर? तिथे नवीन सागाचा तुकडा जोडायचा, रंग जुळता करायचा, पण जवळून बघितलं तर नवं काम ओळखू आलं पाहिजे. हा १९६४ च्या व्हेनिस सनदेतला नियम आहे. दुरुस्तीनं शोभेत भर घालावी, पण पुराव्यात खोट घालू नये.

काम देण्याआधी विचारायचे प्रश्न

तुमच्या चर्चचे बाक असोत, गावच्या वाड्यातला झोपाळा असो किंवा आजीचा देव्हारा, मिस्त्रीला हे विचारा:

- आत्ता यावर काय लावलंय, ते तपासलं का?
- तुम्ही जे लावणार ते पुढे काढता येईल का?
- जुने खिळे-स्क्रू काढले तर आम्हाला मोजून परत द्याल का?
- खाचा, कोरलेले आकडे, नावं यांचे फोटो आधी काढले का?
- काम कुठल्या महिन्यात करणार?

शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तसा नाही. दमट हवेत लाखेचं पॉलिश केलं तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पॉलिश दुधाळ होतं. जुने पॉलिशवाले पावसाळ्यात काम घ्यायला कुरकुरतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे. दिवाळीनंतर काढा काम.

आणि खाचा दिसल्या तर मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा की त्या तुटलेल्या नाहीत. कशासाठी आहेत तेही सांगा. ज्याला ते कळलेलं असतं, तो सहसा त्यात लांबी भरत नाही.